त्रेचाळीस नंबरची माणसं

ब्युनोस आयर्स, १२ मार्च

प्रिय एल्दामावशी,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही हे तू एकदाचं मान्य केलंस, हेच पुष्कळ झालं. "आवाजी निरोप पाठवू नकोस, दिवसभर माणसांचंच ऐकत असते, तू आपली पत्र लिही," असं तू म्हणालीस तेव्हा आई इतकी हसली! म्हणाली, "बहिरी झालेय म्हणायला लाज वाटते तिला." असो. लिहिते.

नोकरीचं विचारलंस. दमलेय गं. सकाळी नऊला त्या खुर्चीत बसते ती संध्याकाळीच उठते. कोंबडी कारखान्यांतल्या कामगारांचा आरोग्य निधी, म्हणजे तुझ्या दवाखान्याला पैसे पुरवणारी मंडळी, त्यांच्या मुख्य कचेरीतल्या डेटा विभागात. सहा जण आहोत. पाच इंजिनिअर आणि मी. ते मला 'डॉक्टरीण' म्हणतात, आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक जण हळूच येऊन आपल्या बायकोची तक्रार सांगून जातो. इथं प्रत्येकाचे कुणा ना कुणाकडे मनाचे उपचार चालू असतातच. आमचे साहेब इतुर्राल्दे दर मंगळवारी चारला गायब होतात, आणि कुठं जातात ते सगळ्या मजल्याला ठाऊक आहे.

तुला वाटतं मी मानसशास्त्र टाकलं. मी टाकलं नाही, मावशी, मला परवडेना. हॉस्पिटलमध्ये दोन वर्षं फुकट राबले, तूही तुझ्या काळी राबलीस, मान्य. पण तुला तेव्हा आजोबांचं घर होतं. मी दिवसा पेशंट बघायचे, संध्याकाळी कपड्यांच्या दुकानात उभी राहायचे, आणि त्यातनं वेळ काढून हा आकडेवारीचा कोर्स केला. आता निदान बसून काम आहे. ऑगस्टमध्ये कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरेल. तोवर मान खाली घालून काम करायचं.

सध्या एकच काम आहे: मनाच्या उपचारांवर कुठे गरजेपेक्षा जास्त वेळ जातो ते शोधायचं. पेशंटची नावं दिसत नाहीत, दवाखान्यांचीही नाहीत, नुसते नंबर. पण एकेक नग असतो बघ! एका दवाखान्यात तर झाडून सगळ्यांना एकच आजार, त्रेचाळीस नंबरचा, 'जुळवून घेण्याचा त्रास'. अगदी सौम्य, सहा महिन्यांत उरकावा असा. आणि माणसं पाच-पाच, सहा-सहा वर्षं येतायत! कुणीतरी आळशी बाई शिक्का मारत बसलीय. आम्ही खूप हसलो.

मेंब्रिल्योच्या फळांचा तुझा मुरंबा बसने पाठव ना. इथला नुसता साखरेचा गोळा असतो.

तुझी,
नोए

—

सान्ता रुफिना, २५ मार्च

नोए बाळा,

मुरंबा पाठवलाय, बस स्टॅंडवरच्या खिडकीतून घे आणि बरणी परत पाठव. मागच्या तीन बरण्या तू गिळल्यास.

तुझ्या आईला सांग, मी बहिरी नाही. डाव्या कानाला जरा कमी येतं. मी पेशंटला उजवीकडे बसवते, त्यांनाही वाटतं ही काहीतरी उपचाराची पद्धत असावी. परवा एकानं विचारलं, "बाई, उजवीकडे बसल्यावर मन मोकळं होतं का हो?" मी म्हटलं, "हो, फार." तेवढीच करमणूक.

बाकी दमायला काय, मीही दमले. तीस वर्षं कारखान्यातल्या माणसांचं ऐकतेय. पंख कापणारे, आतडी काढणारे, पट्ट्यावर उभं राहून पाय सुजलेले. बाहेर पडताना अंगाला वास येतो म्हणून बस डेपोत कडेला उभे राहतात. माझ्या खुर्चीला तो वास कायमचा लागलाय. मला आता कळतही नाही.

तू खुर्चीत बसून काम करतेस ते बरंच आहे. मला राग नाही. थोडा होता, गेला. पण त्या आळशी बाईवर फार हसू नकोस. काही कारण असेल.

मावशी

—

ब्युनोस आयर्स, १९ एप्रिल

प्रिय मावशी,

मुरंबा संपला. अर्धा इंजिनिअरांनी खाल्ला, त्यांना शाप दे.

आणि ऐक, आनंदाची गोष्ट! माझं काम वर गेलं. मी सुचवलं होतं की त्रेचाळीस नंबरवाल्यांना सहा महिन्यांपुढे मंजुरी द्यायची नाही, आणि वाचलेला वेळ खरोखर गंभीर असलेल्यांना द्यायचा. कारण तुला माहितीय, गंभीर माणसं पाच-पाच महिने रांगेत असतात. मी हॉस्पिटलमध्ये ते डोळ्यांनी पाहिलंय. एका मुलीला "पुढच्या महिन्यात या" सांगितलं होतं, ती पुन्हा आलीच नाही. त्या मुलीसाठी मी हे केलं, असं मला मनापासून वाटलं. इतुर्राल्दे सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, डेटामध्ये मानसशास्त्रवाली का लागते ते!" मला घरी येऊन रडू आलं. दमल्यामुळे असेल.

मे महिन्यापासून लागू. तू खूश हो ना जरा.

नोए

—

सान्ता रुफिना, १४ मे

नोए,

काल दवाखान्यात निधीचं परिपत्रक आलं. त्रेचाळीस नंबरच्या सर्व पेशंटचे उपचार महिनाअखेर बंद. पुढे चालू ठेवायचे असतील तर 'योग्य ते अधिक गंभीर निदान' लिहून पाठवावं, म्हणजे विचार होईल.

हे तू केलंस ना? खूश हो म्हणालीस म्हणून विचारते.

माझे एकवीस पेशंट बंद झाले. म्हणजे सगळेच.

एल्दा

—

ब्युनोस आयर्स, १८ मे

मावशी,

तुझं पत्र मिळालं. 'एल्दा' अशी सही केलीस, मी काय परकी आहे?

सगळेच कसे बंद होतील? मंजुरी फक्त सौम्य त्रासवाल्यांची थांबली. जे गंभीर आहेत त्यांच्या कागदावर तू गंभीर लिहिलंच असशील ना? त्यांना हातही लावलेला नाही, मी स्वतः तपासलंय. कुणीतरी तुमच्याकडे परिपत्रक चुकीचं वाचलं असेल. कारकुनाला माझ्याशी फोनवर बोलायला सांग.

आणि एक सांगू? मला सारखं वाटतं की तू मनातून अजून रागावलीयस, मी पेशंट सोडले म्हणून. प्रत्येक गोष्टीत ते येतं. मीही माणसांसाठीच काम करतेय गं. फक्त लांबून.

नोए

—

सान्ता रुफिना, २३ मे

नोएलिया,

कारकून नाही आमच्याकडे. पाच वर्षांपूर्वी निधीनेच काढला.

परिपत्रक आम्ही बरोबर वाचलं. आता तू नीट वाच. तुझी ती आळशी बाई मी आहे.

मी सगळ्यांना त्रेचाळीस लिहिते. तीस वर्षं लिहिते. माझ्याआधीची बाई लिहायची, पलीकडच्या गावात माझंच काम करणारा माणूस लिहितो, या प्रांतातल्या कुणालाही विचार. कारण कागद आधी कारखान्याच्या दवाखान्यात जातो, तिथला डॉक्टर वाचतो आणि मग तुमच्याकडे येतो. सुरी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या कागदावर 'तीव्र औदासीन्य' दिसलं की त्याला आठवड्याभरात पट्ट्यावरून उतरवतात आणि महिन्याभरात काहीतरी कपातीचं निमित्त काढून घरी पाठवतात. मग घर गेलं, निधी गेला, उपचारही गेला. म्हणून आम्ही काय लिहितो? जुळवून घेण्याचा त्रास. माणसंही जाणतात. रांगेत एकमेकांना चिडवतात, "काय रे, तू पण त्रेचाळीस?" "आम्ही घरचे सगळेच त्रेचाळीस!"

आणि तू हे मला विचारतेस? मला? हॉस्पिटलमध्ये तू दोन वर्षं काय लिहीत होतीस, आठव. तू पहिल्यांदा सुट्टीला आलीस तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात पाय वर घेऊन बसून सांगितलं होतंस, "मावशी, सगळ्यांना एकच आकडा लिहितो आम्ही, नाहीतर बिचाऱ्यांच्या नोकऱ्या जातात." किती दिवस झाले गं त्याला? एवढ्यात विसरलीस?

एकाबद्दल सांगते. त्याला रेइनाल्दो म्हणू, हे त्याचं नाव नव्हे. सुरीच्या पट्ट्यावर आहे. बायको, दोन मुली. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी नदीवर गेला आणि भावानं त्याला पाण्यातून ओढून आणला. तेव्हापासून दर गुरुवारी येतो. फार बोलत नाही. कधी कधी पूर्ण तासभर कोंबड्यांच्या भावाबद्दल सांगतो. पण येतो. जिवंत आहे, नोए, एवढंच माझ्या सहा वर्षांचं काम. गेल्या गुरुवारी त्याला सांगितलं, बंद झालं. तो म्हणाला, "बरं." टोपी घेतली आणि गेला.

खरं लिहिलं तर नोकरी जाते. नाही लिहिलं तर गुरुवार जातो. तू शिकलेली आहेस, तू सांग काय करू.

मावशी

—

ब्युनोस आयर्स, २८ मे

मावशी,

तीन वेळा लिहायला बसले आणि उठले.

मी विसरले. दुसरं काही कारण नाही. त्या तक्त्यात आकडा दिसला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पाच इंजिनिअरांनी ठेवला तर एक वेळ चालेल, त्यांना कुठून माहीत? मला माहीत होतं. मी स्वतः शेकडो वेळा तोच आकडा लिहिलाय. म्हणूनच तर मला ठेवलं होतं तिथं, की यांच्यातल्या एकीला तरी कळेल. लाज वाटते मला. फार लाज वाटते.

आता ऐक, आणि घाई करू नकोस. मी जर साहेबांना जाऊन सांगितलं की हे आकडे खोटे आहेत, तर पहिला प्रश्न येईल, कोण लिहितं खोटं? मग तपासणी लागेल. तुझं लायसन्स जाईल, आणि कागद खरे झाले की तुझी एकवीसच्या एकवीस माणसं उघडी पडतील. म्हणून ते तोंडातून काढायचं नाही. तूही कुणाला काही लिहून देऊ नकोस.

दुसरी वाट आहे. आजाराच्या नावाला हातच लावायचा नाही. झोपेच्या गोळ्या किती जातात, रजा किती पडतात, उपचार थांबल्यावर माणूस इमर्जन्सीत कितीदा येतो, हे सगळं आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी दक्षिणेकडचा एक दवाखाना माणूस नाही म्हणून बंद पडला होता. तिथल्या त्रेचाळीसवाल्यांचं पुढे काय झालं ते मी काढतेय. ते दाखवलं की निदानाशिवाय सिद्ध होईल की यांना सोडता येत नाही. मला थोडा वेळ दे. सहा आठवडे. रेइनाल्दोला घरी बोलाव ना तोवर, तुझ्या स्वयंपाकघरात बसव.

तुझी,
नोए

—

सान्ता रुफिना, १६ जून

नोए बाळा,

रागावून लिहिलं होतं, ते मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेतलंच असशील, मला माहीत आहे.

बोलावलं त्याला. दोन गुरुवार आला. स्वयंपाकघरात बसला, मी माते, आपला कडू चहा, केला, त्याने एक घोट घेतला आणि पेला बाजूला ठेवला. तिसऱ्या वेळी दोन कोंबड्या घेऊन आला, सोललेल्या. म्हणाला, "बाई, फुकट नको. फुकट बोलायला मला जमत नाही, मी पाहुणा झाल्यासारखं वाटतं." मी कोंबड्या घेतल्या. पण त्या दिवशी तो बोललाच नाही. दवाखान्यात जायचा तेव्हा तो त्याचा हक्क होता. कामगार म्हणून. इथं तो माझ्या टेबलाशी बसलेला एक गरीब माणूस. मला ते कळतं. पण दुसरं काय करू?

बाकीचे वीस जण एकेकटे कुठे कुठे पांगले. एक बाई रोज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसते. मी जाता-येता "कशी आहेस?" विचारते, ती "बरी आहे" म्हणते, एवढाच उपचार.

थंडी वाढलीय. लवकर कर, नोए.

मावशी

—

ब्युनोस आयर्स, १ ऑगस्ट

मावशी! मावशी!

झालं! सहा आठवड्यांचे नऊ झाले, पण झालं. काल मी सगळं मांडलं. दक्षिणेकडच्या त्या माणसांपैकी किती इमर्जन्सीत आली, किती कामावर परत गेलीच नाहीत. कुणी विचारलंच नाही आजाराचं नाव काय. इतुर्राल्देंनी तक्ता पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "म्हणजे आपलं चुकलं?" मी म्हटलं, "आपलं नाही, माझं. शिफारस माझी होती." मला वाटलं, गेली नोकरी. तर ते म्हणाले, "स्वतःची चूक आकड्यांत मांडून दाखवणारा माणूस मला कायम हवाय."

कायम झाले, मावशी. आणि जुने उपचार पंधरा ऑगस्टपासून पुन्हा सुरू. तुझ्या एकवीसही जणांच्या मंजुऱ्या मी स्वतः बघून पुढे पाठवल्या. नंबर तू पाठवले होतेस त्यावरून जुळवल्या. रेइनाल्दोला सांग! आजच सांग. दवाखान्यात ये म्हणावं, पाहुणा म्हणून नाही.

इतकी दमलेय की आनंदसुद्धा उद्या करीन म्हणते.

नोए

—

सान्ता रुफिना, २० ऑगस्ट

नोए,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. मी उत्तर लिहायला पंधरा दिवस लावले.

मंजुऱ्या आल्या. वीस जण परत येताहेत. पायरीवरची ती बाई आता आत येऊन बसते. तू खरंच मोठं काम केलंस, आणि तुझ्या साहेबांसमोर बोललीस त्याचा मला अभिमान वाटला. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू हे विसरशील.

रेइनाल्दो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कारखान्याच्या डॉक्टरकडे गेला. एकटा. मला विचारलं नाही, बायकोला सांगितलं नाही. कुणीतरी त्याला परिपत्रक वाचून दाखवलं होतं, गंभीर निदान असेल तर विचार होईल म्हणून. तो आत गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "डॉक्टर, मला त्रेचाळीस नाही. मला मरावंसं वाटतं, सहा वर्षं झाली. ते लिहा, म्हणजे माझा गुरुवार मला परत मिळेल." डॉक्टरनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सुरी काढून घेतली. शुक्रवारी घरी पाठवलं, कपात म्हणून.

तुझी मंजुरी त्याच्या नावानं आली, नोए. पण तो आता कारखान्याचा नाही, म्हणून निधीचाही नाही. मंजुरी आहे आणि माणूस सभासद नाही. मी ते पत्र त्याला दाखवलं नाही.

जिवंत आहे. घाबरू नकोस. माझ्याकडे येतो, आता कोंबड्या आणत नाही, कुठून आणणार? मी त्याला लाकडं फोडायला सांगते आणि मग आम्ही बसतो. गेल्या वेळी बराच बोलला. रागावला होता, मला बरं वाटलं. म्हणाला, "बाई, कोण असतं हो तिथं वर? कुणीतरी बसून ठरवलं असेल ना, की माझं आता पुरे झालं? माणूसच असेल ना ते?" मी म्हटलं, "मला माहीत नाही."

सहा वर्षांत मी त्याच्यासाठी कागदांवर काय काय खोटं लिहिलं. त्याच्या तोंडावर कधी खोटं बोलले नव्हते. हे पहिलं. मला झोप येत नाही.

मावशी

—

ब्युनोस आयर्स, २४ ऑगस्ट

मावशी,

काल महिन्याचा अहवाल वाचला गेला. बंद झालेल्या ओळी हिरव्या दिसतात आमच्याकडे. त्यात एक ओळ, नंतर नंबर जुळवून पाहिला तर सान्ता रुफिनातली, हिरवी होती: सहा वर्षांचा लांबलेला उपचार, समाप्त. सभासदत्व संपलं की तक्ता आपोआप तसं धरतो, तो भागही मीच बसवला होता. इतुर्राल्देंनी ती ओळ मुद्दाम वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुझं पत्र मला त्यानंतर मिळालं.

आज सकाळी तो भाग मी काढला. हिरवं आता होत नाही. इंजिनिअर विचारत होते, कशाला काढलास, चांगला दिसत होता. मी सांगितलं, त्या ओळीतला माणूस बरा झालेला नाही.

सोमवारची रजा टाकलीय. शनिवारच्या बसने येते. त्याला तू आधी सांग, मी यायच्या आत, म्हणजे दार उघडायचं की नाही ते त्याला ठरवता येईल. सांग, वर माणूसच होतं. माझी भाची आहे, म्हणावं. नाव सांग, शिकलेली आहे तेही सांग, आणि तिला माहीत होतं तेही सांग.

भेटायचं नाही म्हणाला तर मला कळवू नकोस. मी येतेच आहे.

नोएलिया